पन्हळीखालचा ओक

प्रिय रूबेन,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट शेगडीत टाकलं नसशील, तर एवढं वाच. थॉर्नकोट पाडायला घेतलंय. सोमवारी माणसं आली, आज शुक्रवार, आणि छपरावर धड एक कौल उरलेलं नाही. या घराची सुतारकी मी एकतीस वर्षं केली आणि आता पहारीने उचकटलेले दरवाजे मोजून गाडीत चढवतोय. कारभारी प्रॉथेरोसाहेब म्हणाले, "एनॉक, तू घरी बस, तुला बघवणार नाही." मी गेलो नाही. बघायलाच हवं होतं मला.

ज्याने हे घर बांधलं त्याच्यावर तुझा भारी राग. दर्शनी भिंतीवर त्याला पावसाच्या पाण्याचा एक नळ चालायचा नाही. डावीकडे पाच खिडक्या म्हणून उजवीकडेही पाच, त्यातल्या दोन नुसत्या विटांवर रंगवलेल्या. आणि मधल्या छपराचं पाणी समोर दिसू नये म्हणून शिशाची पन्हळ माळ्यावरून, थेट घराच्या पोटातून, मागच्या भिंतीपर्यंत नेलेली. घराकडे बोट दाखवून तू म्हणायचास, "या बाईने तोंड देखणं ठेवायच्या नादात जलोदर ओढवून घेतलाय." तुझी बायको हेटी हसून हसून बेजार व्हायची आणि मग आपल्याला चहा ओतायची.

छत्तीसच्या उन्हाळ्यात ती पन्हळ आपण दोघांनी नवी केली. खालची लाकडी बैठक माझी, वरचं शिसं तुझं. तू बजावलं होतंस, "ओक घालू नकोस बाबा, त्याचा आंबटपणा शिशाला खालून खातो. जुनं पाइनच घाल." मी म्हटलं, सुताराला लाकूड शिकवतोस होय. काम संपल्यावर तुम्हा शिसेवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे तू छपराच्या शिशावर आपला बूट ठेवून त्याच्याभोवती रेघ मारलीस, आत नाव आणि साल कोरलंस. मग मलाही ओढलंस. "ठेव पाय. एवढ्या मोठ्या खुराला शिसं पुरलं तर नशीब." दोन बूट शेजारी शेजारी, तुझा आणि माझा.

शेहेचाळीसच्या मार्चमध्ये मोठ्या दिवाणखान्याचं छत कोसळलं, ते फळाफुलांच्या गिलाव्याचं, जे बघायला लांबून माणसं यायची. पन्हळ गळली एवढं सगळ्यांना कळलं. चूक कुणाची ते बघायला प्रॉथेरोसाहेबांनी मला वर पाठवलं. मी खाली येऊन सांगितलं की शिशाचा सांधा उघडलाय. सांधा म्हणजे तू. आठवड्याभरात तुझी नोकरी गेली आणि नोकरीबरोबरचं घरही गेलं. हेटी गाडीवर बसली होती, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ धरून, आणि जाता जाता मला म्हणाली, "तुम्ही तरी होता म्हणून बरं, भावजी." लीड्सच्या त्या ओल्या खोलीत छातीच्या दुखण्याने ती गेली हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. त्याच पत्रात तू लिहिलंस की आता गिरणीत झाडू मारतोस, शिशाला परत हात लावला नाहीस, आपल्या हातांवरचा विश्वासच उडालाय. ते पत्र मी तीन वर्षं अवजारांच्या पेटीत तळाशी ठेवलंय. उत्तर लिहिलं नाही, कारण खोटं लिहिता येईना आणि खरं लिहायची छाती नव्हती.

काल पन्हळ उचकटली. शिसं खालून चुन्यासारखं पांढरं, बोटाने दाबलं तर भुगा. सांधे मात्र सगळे शाबूत, एकही उघडलेला नाही. रूबेन, ती बैठक ओकची आहे. तू सासूच्या मयताला तीन दिवस गेला होतास, पाइन आलं नव्हतं, आणि आपल्याच रानातला ताजा ओक माझ्यापुढे पडला होता. मला वाटलं, ओकपेक्षा चांगलं लाकूड असतं कुठे. फळ्या ठोकल्या, वर लोकरीचा नमदा अंथरला, तू आल्यावर नमदाच पाहिलास. आणि शेहेचाळीसला वर गेलो तेव्हा मी शिशाची कड उचलली होती. पांढरा भुगा तेव्हाच पाहिला. कड परत दाबली, सांध्यावर डांबर फासलं आणि खाली येऊन तुझं नाव घेतलं. तेव्हा खरं बोललो असतो तर त्या फळ्या निघाल्या असत्या. त्या राहिल्या, पाणी झिरपत राहिलं, भिंतीभर बुरशी चढली, आणि म्हणून आज घर पाडतायत. तुझं घर मी मोडलं आणि हेही मीच. आज सकाळी प्रॉथेरोसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कुणाला काय त्याचं, एनॉक." खरंच आहे, आता कुणालाच काही नाही. पण तुला असावं म्हणून हे लिहिलं. तुझ्या हातात कधीच खोट नव्हती. सोबतच्या पार्सलात तुझ्या बुटाची रेघ असलेला शिशाचा तुकडा आहे, तो कापून घेतला. माझा बाकीच्या शिशाबरोबर वितळायला भट्टीत जाऊ दिला.

म्हणवून घ्यायचा हक्क नाही, तरी तुझाच,
एनॉक