फळ्यावरचं लेथ

१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीचा गुडघा सोडला तर कोणाची तक्रार नाही, आणि तो एकटा घरभराचं बोलतो. लेकीचा हात कसा आहे? टाके निघाले का?

तू लिहितेस, कंपनीवर तक्रार कर, त्यांचं मशीनच बिघडलेलं असणार. दोनदा उत्तर लिहायला बसलो, दोन्ही वेळा हवापाण्यावर गाडी नेली.

कंपनी आता इथं कारखाना काढत नाही, शेजारच्या गावात चालली. त्यांच्या भरतीच्या चाचणीला आमच्या प्रशिक्षण संस्थेतली चाळीस मुलंमुली बसली. पास झाली तिघं, तीही बापाच्या वर्कशॉपमध्ये वाढलेली. त्यांचा इंजिनिअर जाताना म्हणाला, "मास्तर, तुमच्या गावात प्रमाणपत्रं भरपूर आहेत, कामगार नाहीत." दोनशे घरांत पगार येणार होता. चहावाल्यापासून खोल्या भाड्यानं देणाऱ्यांपर्यंत सगळे हिरमुसलेत. आणि खापर फुटलं तुझ्या लेकीवर. हिनं अपघात केला म्हणून कंपनी पळाली म्हणतात.

ताई, मशीन ठणठणीत होतं. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर, लोखंड पकडायचा जबडा चावीनं आवळतात आणि चावी बाजूला ठेवूनच बटण दाबतात. चाचणीत तिनं चावी जबड्यातच राहू दिली आणि बटण दाबलं. ती उडाली आणि मनगटावर बसली.

पट्टी बांधताना पोर रडत म्हणाली, "मामा, तुम्ही शिकवलेलं मी विसरले हो."

ती काहीही विसरली नाही. आमच्या लेथची मोटर जळून तीन वर्षं झाली. मी फळ्यावर खडूनं लेथ काढायचो, मुलं एकेक करून पुढं यायची, हवेत हँडल फिरवायची आणि मी मार्क द्यायचो. त्या चित्रात चावी कधी नव्हतीच.

मोटरीसाठी सुरुवातीला अर्ज केले, मग सोडून दिलं. निकाल शंभर टक्के लागत होता. वरचे खूश, मीही खूश. माझ्या सत्काराला तू स्वतः आली होतीस. मला माझीच लाज वाटते, ताई.

काल हे सगळं वर लेखी कळवलं. नोकरी बहुतेक जाईल, त्याचं राहू दे. पण लेकीला अजून सांगितलेलं नाही. तिला गाडीत बसवताना तोंड उघडलं, तर तीच माझी समजूत घालायला लागली, "मामा, तुमचं नाव घालवलं मी." आणि मी तिची पिशवी आत ठेवून मागं फिरलो.

हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव, खालच्या सहीसकट.

तिला न शिकवताच पास करणारा,
तुझा धाकटा भाऊ