विहीर क्रमांक सातची दुसरी बाटली

११ एप्रिल २०१७, डहाणू

पोचले एकदाची! रोजनिशीचा संकल्प मी दर नोकरीला करते आणि पहिल्याच आठवड्यात मोडते; या वेळी बघू. आमच्या विद्यापीठाच्या पर्यावरण विज्ञान आणि धोरण विभागाने चिकूच्या वाडीतलं एक बैठं घर भाड्याने घेऊन त्याला ‘फील्ड स्टेशन’ असं भारदस्त नाव दिलंय. म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज, पाण्यातलं मीठ मोजायचा एक मीटर आणि मी. काम सोपं आहे. डहाणू-तलासरीतल्या विहिरींचं पाणी किती खारट होतंय ते मोजायचं, त्यावरून आमचे सर सरकारला धोरण सुचवणार. शोधनिबंधावर नाव सरांचं, बाटल्यांवर नाव माझं. असो, सुरुवात कुठून तरी करायलाच हवी.

दाराशी पुरुषी चपलांचा जोड पडलाय. माझ्या आधी इथे असलेल्या भावेशचा. गेल्या मे महिन्यात न सांगतासवरता पळून गेला म्हणे. सरांचा राग अजून उतरलेला नाही. चपलाही न घालता गेला म्हणजे भलताच घाईत असणार.

१३ एप्रिल

विहीर क्रमांक सात आमच्याच वाडीत आहे. तिथे हिराबाईशी ओळख झाली. ती वाडीत मजुरीला येते, पलीकडच्या पाड्यात राहते. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते. सरांना करेल तेव्हा मला समोर बसून ऐकायचंय. तिची पाणी शेंदायची तऱ्हा वेगळी. हवं तेवढं घेते आणि निघताना कळशीतलं ओंजळभर परत विहिरीत सोडते. कठड्यापाशी कोणी कोणाला नावाने हाकही मारत नाही, नुसतं ‘ए बाय’. मी कारण विचारलं तर म्हणाली,

“पाणी पी, आंघोळ कर. पण हे पाणी कोंडून ठेवू नको, बाय. कोंडलं का ते तुला धरतं.”

मी शहाण्यासारखी मान डोलावली, आणि ती गेल्यावर बाटली काठोकाठ भरून सील केली. लेबल लावलं: आडनाव आधी, मग नाव, विहीर क्रमांक, तारीख. नियमाप्रमाणे डुप्लिकेटही भरली. एकीवर ‘दोनपैकी एक’, दुसरीवर ‘दोनपैकी दोन’. डुप्लिकेट भरायला लोक कंटाळतात, मी नाही. शिवाय माझं अक्षर सुरेख आहे, सांगायला काय हरकत आहे! संध्याकाळी आमचा ड्रायव्हर मनिष खोकं घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेकडे गेला.

पाणी मात्र गोड. दोन तांबे प्यायले.

२२ एप्रिल

तहान भागत नाही. माठच्या माठ रिकामा करते तरी घसा कोरडा. उकाड्याची सवय नाही, दुसरं काय. पण घामही येत नाही, हे विचित्र आहे.

सात नंबरचं पाणी मचूळ लागतंय आणि पातळी चढलीय. बाकीच्या विहिरींचे तळ दिसायला लागले असताना ही भरतेय. सरांना फोन केला तर ते खूश. गेल्या मे महिन्यातही हेच झालं होतं, पावसाळ्यानंतर पाणी पुन्हा गोड झालं. म्हणजे दर उन्हाळ्यात समुद्र आत शिरतोय, असा त्यांचा सिद्धान्त.

३० एप्रिल

पाड्याने माझ्याशी उभा दावा मांडलाय. मी दिसले की दारं लागतात. मनिषच्या तोंडून बाटल्यांचं हिराबाईला कळलं. आज ती कुंपणाबाहेर उभी राहून बोलली, आत पाऊल टाकलं नाही. आधीच्या पोरानेही पाणी कोंडून त्यावर नाव घातलं होतं. भर दुपारी विहिरीने त्याला त्या नावाने हाक मारली आणि त्याने ओ दिली, इतकंच तिला ठाऊक आहे. मला म्हणाली,

“कोंडलेलं परत आण, ओत. आणि ओ देऊ नको. तवर माझे दारात येऊ नको.”

भीतीपेक्षा मला रागच जास्त आला. मी तिचं काय घोडं मारलंय?

मीटर नऊवर थांबलाय. लिटरला नऊ ग्रॅम मीठ. समुद्राचं असतं पस्तीस. समुद्र शिरत असेल तर आकडा वर जात राहायला हवा. हा नऊवर चिकटून बसलाय.

६ मे

सामान न घेताच निघाले. घरी जायचं, बस्स. चारोटीला हायवेवर बसची वाट बघत होते, तिथेच कोसळले. दवाखान्यात शुद्ध आली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणीच संपलंय. सलाईन लावलं. पडल्या पडल्या बाटलीवरची अक्षरं वाचत होते. शून्य पूर्णांक नऊ टक्के मीठ.

म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम. माणसाच्या अंगात असतं तेवढं.

विहिरीत समुद्र शिरलेला नाही.

डॉक्टरांनी मनिषला बोलावलं, त्याने परत वाडीत आणून सोडलं. दवाखान्यात दोन बाटल्या अंगात गेल्या होत्या. आज विहीर आणखी वर आलीय.

९ मे

सात नंबरचं पाणी परत पाठवा म्हणून फोनवर सरांच्या विनवण्या केल्या. रडले. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हिराबाईचं सांगितलं तर म्हणाले, विज्ञानाच्या विद्यार्थिनीला हे शोभत नाही. नऊवर स्थिरावलेला आकडा हाच आपला शोध आहे म्हणाले. शेवटी वैतागून कबूल झाले. तपासून झालेली बाटली पाठवतो, पण गप्प काम कर.

१२ मे

मनिषने बाटली फाटकापाशी ठेवली आणि तोंड न दाखवता गेला. धावत जाऊन झाकण उघडलं, उरलेलं सगळं पाणी विहिरीत ओतलं. एक थेंब ठेवला नाही.

मग माठातलं पाणी प्यायले. कपाळावर घाम आला! मी हसत सुटले. हिराबाईचं मला पटतंय, मी तिच्या पाया पडेन, उद्याच पडेन.

१३ मे

पुन्हा कोरड. जीभ टाळूला—

फाटकापाशी गेले. रिकामी बाटली तिथेच पडलेली. लेबल बघितलं. ‘दोनपैकी एक’.

डुप्लिकेट. मीच भरली. बाकीचे टाळतात, मीच हौसेने—

सर म्हणाले, डुप्लिकेट पाच वर्षं ठेवायचा नियम आहे. सील तोडलं तर नमुना बाद. किमान झाकण उघडा म्हटलं, जमिनीवर ओता, संडासात ओता. फोन ठेवला त्यांनी.

१४ मे

हिराबाईच्या दारात गेले. उघडलं नाही. आतून म्हणाली, दुसरी कुठाय. तिला कसं कळलं—

पाणी कठड्याला लागलंय. अंगठी बोटातून आपोआप गळून पडली.

१५ मे, भर दुपार

कठड्यावरून उतरलं. अंगणात आलंय. भावेशच्या चपला तरंगताहेत.

हाक आली. बाईचा आवाज. हिराबाई नाही, ती नाव घेत नाही कधी.

लेबल वाचतंय कोणी. लिहिलंय तसंच. आडनाव आधी.

करंदीकर ऋचा. विहीर क्रमांक सात. दोनपैकी दोन.

ओ देणार नाही.

पुन्हा—

डाव्या हाताने तोंड दाबलंय. तोंडात पाणी सुटलं, किती दिवसांनी, खारट. ओठ आपोआप उघडताहेत, मी नाही उघडत, मी ओ—