अंगणातला आडवा दगड

मोलगी, ता. ८ जानेवारी २०२४

ति. गोवालदादास,
यामिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पाड्यावर रेंज नाही, आणि हे फोनवर मला बोलवलंही नसतं. बाबांच्या आठवणीचा दगड रविवारी उभा करायचा ठरलंय. रीत तुला ठाऊक आहे. थोरल्या मुलाने दगडावर मोहाच्या दारूची धार सोडायची आणि द्रोणात उरलेला घोट स्वतः घ्यायचा. तुला केळीच्या मळ्यातून रजा मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय. धार धाकटा ईश्वर सोडेल. व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन तुला अजून वर्षही झालं नाही. जेवतोस ना वेळेवर? तुझ्या हातची भाजी खाऊन मळ्यातला कुत्रा तरी टिकलाय का? रागावू नकोस. जेवतोस ना?

तुझ्या मायेतली,
यामिनी

सारंगखेडा, ता. ११ जानेवारी

चि. यामिनीस,
अनेक आशीर्वाद.

मी रजा मागितलीच नव्हती, तरी ती मिळाली नाही म्हणतेस, तेव्हाच समजलो. आधी राग आला. पूर्वी अशा रागात मी सरळ गुत्ता गाठायचो. या वेळी तापीकाठी जाऊन बसलो. घोडेबाजार उठलाय, नुसते खुंटे उरलेत. बसल्यावर कळलं, हा राग नव्हेच. मला फार एकटं वाटत होतं.

जेवणाचं तू दोनदा विचारलंस, म्हणजे लिहिताना रडलीस. मला नको म्हणणं तुला जड गेलं असणार. तुझी भीती खरी आहे. तो घोट मला झेपणार नाही. ईश्वरलाच धार सोडू दे. फक्त आईला खरं सांग. मी बाबांना विसरलो असं तिला वाटलं, तर मला सोसवणार नाही.

कुत्रा तुझ्याहून जाड झालाय.

लोभ असू दे,
गोवाल

मोलगी, ता. १५ जानेवारी

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

आईला खरं सांगितलं. काल पुजाऱ्याने ईश्वरच्या हाती द्रोण दिला, तशी आईने दगडावर हात ठेवला तो काढेचना. थोरला आल्याशिवाय दगड उठायचा नाही, म्हणाली. घोटाचं काय, असं पुजाऱ्याने विचारलं. उरलेलं मातीला द्यायचं, नवरा माझा होता, त्याला चालेल, असं तिने सांगितलं. पुजारी कुरकुरला, पण कबूल झाला.

मावशीने तिला शांत करायला द्रोण पुढे केला, तोही तिने परत केला. तेव्हा कळलं, तू केंद्रात गेलास तेव्हापासून तिने थेंब घेतलेला नाही. होळीलाही नाही. एका घरात राहून मला दिसलं नाही, याचं वाईट वाटतं.

पाहुणे जेवून गेले. दगड अंगणात आडवाच आहे. आई त्याच्याजवळ बसून नागली निवडते.

या वेळी रजा खरंच माग.

वाट पाहणारी,
यामिनी