शरदाआधीचं लग्न

अरल्स्क, १२ फेब्रुवारी

चि. रौझास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. टाके सुकले. मटणाचा पातळ रस्सा घोट घोट उतरतो. तुझी वहिनी चमच्याने भरवते आणि वर मलाच बाळ म्हणते.

अन्ननलिकेतून काढलेली माझी गाठ तुझ्या प्रयोगशाळेत तपासायला मीच परवानगी दिली होती. डॉक्टर नुसते पाठ थोपटतात. फोनवर विचारलं की तू हवापाण्याचं बोलतेस, म्हणून लिहितो. शपथ आहे, खरं सांग. तोरगिनचं लग्न शरदात धरलंय. तोवर तिचा बाप आहे का?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
इझबासारदादा

अल्माटी, २१ फेब्रुवारी

ती. दादास,
रौझाचा सलाम. वि. वि. शपथ घातलीस, म्हणून लिहिते. पेशीत आरएनएचे काही लांबलचक धागे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्यांना कचरा समजत. आपल्या जुमाकाकांसारखे: स्वतः काडी हलवत नाहीत, पण त्यांच्या शब्दावाचून गावाचं पान हलत नाही.

असला एक धागा तुझ्या गाठीत फार वाढलाय. ज्यांच्यात तो असा वाढलेला आढळला, त्यांतल्या बहुतेकांचा आजार लवकर उलटला. अनेकांवरून बांधलेला अंदाज आहे हा, एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. त्याला आवरणारं औषध आमच्याकडे नाही. आम्ही फक्त मोजतो. तोरगिनच्या रक्तात तो उतरत नाही, एवढंच चांगलं लिहिण्याजोगं आहे.

इथे येऊन केमो घे. पण लग्न शरदावर ठेवू नकोस.

रागावलास तरी जीव लावायचा सोडू नकोस.
तुझी,
रौझा

अरल्स्क, ५ मार्च

चि. रौझास,
आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या कुलियाशवहिनीला वाचून दाखवलं. ती बादली घेऊन उंटिणीचं दूध काढायला गेली. उंटीण आटून महिना झालाय.

लग्न नौरोजच्या सणानंतर लगेच, याच महिन्यात. व्याह्यांनी घाई का विचारली, तर म्हणालो, तुमच्या मुलाचा भरवसा नाही, पळून जाईल. ते पोट धरून हसले. केमोला मी येत नाही. तिथे आडवा पडण्यापेक्षा इथे मुलीच्या लग्नात उभा राहीन. तू कष्टी होऊ नकोस, आजार काही तू धाडला नाहीस.
दादा

अरल्स्क, २ जून

चि. रौझास,
कुलियाशवहिनीचे आशीर्वाद. ह्यांच्या मातीला आलीस, पण गर्दीत बोलणं झालं नाही.

लग्नाला तुला सुट्टी मिळाली नाही, तेव्हाचं सांगते. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं व्याह्यांपुढे ठेवलं. त्यांनी मानाने ह्यांच्यापुढे सरकवलं. तोवर ह्यांना पाणीही जेमतेम उतरत होतं. ह्यांनी एक तुकडा तोंडात घेतला आणि पंगत उठेपर्यंत तसाच धरून बसले. मग मागे जाऊन थुंकले. व्याह्यांना अजून ठाऊक नाही.

तोरगिन म्हणते, आत्याने सांगितलं नसतं तर बाबा आशेवर चार दिवस जास्त काढते. दुःखात आहे पोर. खरं सांगू, कधीकधी मलाही तसंच वाटतं. मग पंगतीतला त्यांचा चेहरा आठवतो, आणि काय वाटावं तेच कळत नाही.

चाळिसाव्याला ये. तोरगिन तुझ्याशी बोलणार नाही. तरी ये.
तुझी,
वहिनी