लिंबाखालचा नवा देव

३ फेब्रुवारी
दारासमोरच्या कडुलिंबावर कुणीतरी लाल रंगाने तोडणीचा आकडा टाकून गेलंय. पालिकेचा माणूस होता म्हणे. रिटायर झाल्यापासून मी दिवसभर ओट्यावर असतो, तरी मला दिसला नाही. झाडामागे बबनअण्णाच्या दुकानगाळ्यांचं काम चाललंय, झाड बरोबर त्याच्या शटरसमोर. शैला म्हणते, याचा त्याचा काही संबंध नाही. बायको भोळी आहे.

६ फेब्रुवारी
आज लिंबाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. हळदकुंकू, दोन अगरबत्त्या. म्हसोबा प्रकटला म्हणे. गल्ली खूश, आता देवाच्या झाडाला कोण हात लावतो! सगळ्यात आधी पाया पडला बबनअण्णा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

११ फेब्रुवारी
अण्णा स्वतःच्या खर्चाने देवाला चौथरा बांधतोय. भोसरीचा जुना शेतकरी, एरवी खिशातून दमडी काढत नाही. बुंध्याभोवती चांगलं खोल खणलं. मनगटाएवढी मुळं तोडून बाजूला टाकलीत. बोललो तर म्हणाला, "पाया नगं का भाऊ? देवाचं काम हाय." चारचौघांत देवाविरुद्ध काय बोलणार? सिमेंट थेट खोडापर्यंत.

२ मार्च
पानं गळतायत. शै. म्हणते, या दिवसांत लिंब गळतोच. खरंय. पण...

१९ मार्च, पाडवा
गुढीला डहाळी नाही. गावभर कोवळी पालवी, आपल्या लिंबाला नुसत्या काड्या. शेवटी आळंदी रोडवरून पाला विकत आणला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. फार वाईट वाटलं.
जेवताना अण्णाला शिव्या घातल्या. दगडही त्यानेच ठेवला असणार म्हटलं. शै. श्रीखंड वाढताना थांबली. "दगड मी ठेवला. लोणच्याच्या बरणीवरचा. वाटलं, झाड वाचेल."
रागावू तरी कुणावर?

२६ मार्च
फॅब्रिकेशनवाला येऊन चौथऱ्याची मापं घेऊन गेला. देवावर पत्र्याचं शेड टाकणार. झाडाखाली शेड कशाला, विचारलं. अण्णा हसला, ऊन लई असतंय म्हणाला. म्हणजे सावली राहणार नाही हे याला आधीच ठाऊक. वाळलेलं झाड तोडायला परवानगी पटकन मिळते, हेही ठाऊक असणार. पुरावा? काही नाही.

३ एप्रिल
संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन घरी. शेड उभं राहिलं, उद्या पूजा, पहिला मान वहिनींचा. चपला घालता घालता हळू आवाजात म्हणाला, "दगड ठेवताना पाह्यलं व्हतं वहिनी तुमाला. कुणाला बोललो न्हाई. बोलणार बी न्हाई."
तो गेल्यावर मी शै.ला म्हटलं, आपणच सांगून टाकू गल्लीला, लोणच्याचा दगड आहे, फोडा चौथरा. अजून एखादं मूळ जिवंत असेल.
ती पेढ्यांचा बॉक्स बंद करत राहिली. "लोक नवस बोललेत त्याला," म्हणाली. शेजारच्या सुमनने तर सुनेसाठी उपास धरलेत. मग बॉक्स फडताळात ठेवला. "मीपण बोललेय."
काय, ते सांगत नाही. पूजा सकाळी आठला आहे.