मुलींचे नंबर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

डोकं फिरलंय माझं! तुळजापूरच्या एका वधूवर मंडळाचं ॲप आम्ही धाराशिवात बसून बनवतोय, आणि ते तपासायचं काम माझं. स्क्रीन टाळून थेट सर्व्हरला विचारणारा एपीआय क्लायंट उघडला, एका मुलाच्या लॉगिननं ग्राफक्यूएलची क्वेरी लिहिली, म्हणजे हवे ते रकाने मागितले — मुलीचं नाव, शिक्षण. आलं. सहज खाली मोबाईल लिहिला. तोही आला! पत्ता लिहिला — घर नंबरासकट हजर! मुलीची परवानगी नाही, काही नाही. मागेल त्याला मिळतंय.

४ नोव्हेंबर

यज्ञेश सरांना दाखवलं. कंपनी त्यांची, वाटलं हादरतील. कसलं काय! "स्क्रीनवर दिसतोय का नंबर? न्हाय ना? मग झालं की." अहो, स्क्रीन नुसतं झाकतेय, सर्व्हर तर देतोच आहे! "एवढी खटपट कोण करतंय? तुळशीची लग्नं झाली, आता लोक थांबत न्हायत. शनिवारी ॲप चालू."

कोण करतंय म्हणे! मला दोन मिनिटं लागली. डबा तसाच परत आणला.

५ नोव्हेंबर

निदान माहिती तरी चाचणीपुरती खोटी भरली असेल म्हणून यादीतला एक नंबर लावला. नळदुर्गची सृष्टी. खरीच निघाली! "माझा नंबर कुणी दिला तुमाला?" चुकून लागला म्हणून फोन ठेवला. खोटं बोलले, लाज वाटली.

तशीच उठले आणि सरांना सांगितलं — हे बंद होईपर्यंत रिपोर्टवर 'तपासलं' असं मी लिहिणार नाही. "लई ताणतीस तू, नीरजा." ताणणारच!

७ नोव्हेंबर

बंद झालं! सर्व्हरचं काम श्रीनाथकडं असतं. दोन दिवस बसून त्यानं प्रत्येक खासगी रकान्याला मुलीच्या परवानगीची अट लावली. मुलाच्या लॉगिननं नंबर मागितला — नकार. पत्ता मागितला — नकार! नकार बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. सर तोंड पाडून "बरं केलंस" म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

ॲप चालू करण्याआधी शेवटची तपासणी. सगळं बघायची मुभा असलेल्या मंडळाच्या लॉगिननं सगळे रकाने मागितले. एकशे बारावी नोंद माझी.

अर्ज भरणारे : वडील.

शेरा : लग्नानंतर नोकरी सोडण्यास मुलीची संमती आहे.