रजेत न बसणारी ताई

प्रिय ताई,

हे पत्र सूनबाई वाचून दाखवेल. सूनबाई, यात तुझ्या सासूच्या चुगल्या आहेत, तेव्हा एकही ओळ गाळू नकोस, चांगलं मोठ्यांदा वाच. आणि ताई, तू डोळे मिटून झोपल्याचं सोंग करू नकोस. ते सोंग मला पाठ आहे. भांडी घासायची पाळी आली की तू अशीच पडून राहायचीस, पण पापण्या मेल्या फडफडायच्या. मी वाकून बघायची आणि तू फसकन हसायचीस.

आमच्या ऑफिसात सध्या सगळ्यांच्या डोक्यात पगार शिरलाय. सरकारने पगाराची घडी नव्याने बसवायला घेतलीय. मोठे साहेब, छोटे साहेब दिवसभर कॅल्क्युलेटर बडवत बसतात. चहाचा ट्रे पुढे धरला तरी कुणी मान वर करत नाही. माझ्यासारख्या शिपाईणबाईचाही पगार वाढणार म्हणे. मी विचारलं, मग आता बेल वाजली की पळायचं की रुबाबात चालत जायचं? साहेबसुद्धा हसले. हसण्यावर अजून नियम आलेला नाही.

रजेवर मात्र नियम आलाय. पगाराच्या त्याच कागदाला पाठीमागून चिकटून आला. नवे पगार बसवून होईपर्यंत कुणालाही रजा नाही. घरचं माणूस फार आजारी असेल तरच. आणि घरचं माणूस कोण, हेही त्यांनीच ठरवलंय. नवरा-बायको, मुलं, आईवडील. बस्स. न विचारता गेलं की नोकरीत खंड पडला असं धरणार. खंड पडला की पेन्शन गेली, आणि पेन्शन गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं, कारण ही सरकारी खोली निवृत्तीला सोडावीच लागणार, पुढचं भाडं पेन्शनमधूनच भरायचं. निवृत्ती इतकी जवळ आलीय की छोट्या साहेबांनी माझ्या स्टुलावर बसणारी नवी बाईसुद्धा बघून ठेवलीय.

रजेचं सगळं एका क्लार्कच्या हातात असतं. मी त्याला टाचणी म्हणते, दिसायला तसाच आणि बोलायलाही. त्याच्यापुढे जाऊन मी पदर डोळ्याला लावला, म्हटलं, बाबा रे, आई फार आजारी आहे. तो म्हणाला, मावशी, तुमची आई गेली तेव्हा रजा मीच लिहिली होती, दुसरी कुठून आणलीत? म्हटलं, दुसरीच आहे, हिने मला वाढवलंय. माझ्या वेण्या घातल्यात, शाळेत मास्तरांशी भांडलीय, ह्यांच्या मागे ही नोकरी मिळाली तेव्हा पहिल्या दिवशी माझा हात धरून ऑफिसच्या दारापर्यंत आलीय. तो बिचारा पेन खाली ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, बहीण बसत नाही हो मावशी. नियमाने बघायला गेलं तर तुमच्या घरात आजारी पडायला कुणी उरलेलंच नाही.

टोचलं गं. खोटं बोलला असता तर त्याच्याशी भांडले तरी असते.

मोठ्या साहेबांकडेही गेले. ते म्हणाले, तुमची अडचण कळते, पण वर विचारावं लागेल. मी वर बघितलं. पंखा होता, तोही बंद. पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, वरून नाही म्हणून आलंय.

आपण दोघी किती शहाण्या समजत होतो गं स्वतःला! आपलं ठरलेलं, जी आधी अंथरूण धरेल तिच्या उशाशी दुसरीने येऊन बसायचं, घाईने परत पळायचं नाही. म्हणून मी रजा साठवत गेले. ताप आला तरी ऑफिसात, फायलींच्या कपाटामागे गोणपाट टाकून पडायची. तूच फोनवर सांगायचीस, उगाच येऊन रजा उडवू नकोस, पुढे लागतील. टाचणी म्हणतो, रजा कुठे जात नाहीत मावशी, तुमच्या नावावरच आहेत. आहेत ना. त्यांना हात तेवढा लावायचा नाही.

सोडून देते नोकरी, असंही मनात येतं. पण मग जायचं कुठे? तुझ्या लेकाच्या दोन खोल्यांत तुझी खाट घातल्यावर पाय ठेवायला जागा नाही. तूच रागावशील. सगळं जुळवून बघितलं, ताई. कुठूनच जुळत नाही.

सूनबाईचा फोन आला होता. म्हणाली, फाटकाची कडी वाजली की तू डोळे उघडतेस आणि विचारतेस, भुणभुण आली का? डॉक्टरही तिला म्हणाले, या कुणासाठी तरी अडून बसल्यात. तेव्हापासून रोज फोन हातात घेते आणि ठेवते. माझा आवाज कापला असता तर तुला लगेच कळलं असतं, मग तूच माझी समजूत घालत बसली असतीस. म्हणून हे लिहिलं. मी येत नाहीये, ताई. माझ्यासाठी अडू नकोस. थोरली तू, पुढे जायचा मान तुझा, यावर मी भांडणार नाही. कडी वाजली तर वारा असेल. आता खुशाल मीट डोळे. या वेळी पापण्या बघायला मी वाकणार नाहीये.

तुझीच, तूच नाव ठेवलेली,
भुणभुण